सेंट सोडून

ग्रंथालयाचं तळघर, मार्चमधला शनिवार,
फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स.
घडीच्या टेबलावर पाटी: कर भरायला मोफत मदत.
पाटीमागे मी,
गिरणीच्या हिशेबखात्यात छत्तीस वर्षं झिजून निवृत्त.

देओलिंदा फुर्तादो आल्या
तेव्हा त्यांच्या बुटांवर मीठ होतं,
हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
डब्यात अख्खं वर्ष:
छपराची पावती, बॉयलरवाल्याची चिठ्ठी,
पाण्याची तीन बिलं,
आणि तळाशी बँकेचा कागद, घडीसुद्धा न मोडलेला.
व्याज, अकरा डॉलर त्रेचाळीस सेंट.

"हे भाड्यात धरायचं ना?
घर भाड्याचं, पैसे भाडेकरूचे."

नाही, म्हटलं, बाई.
भाड्याचं पान वेगळं.
तिथे रंग वजा होतो, खिळे वजा होतात,
घसारा वजा होतो,
म्हणजे घर दरवर्षी थोडं थोडं मरतं
हे सरकारला मान्य आहे.
व्याजाला तिथे थारा नाही.
त्याची ओळ दुसरीकडे,
पगार आणि पेन्शनच्या मध्ये कुठेतरी
अंग चोरून बसलेली.

मग कळलं,
रक्कम तिसऱ्या मजल्यावरच्या वुथी केओची.
बारा वर्षांपूर्वीची अनामत.
आर्मिंदो होते तेव्हा त्यांनी वेगळं खातं काढलं,
कायदाच आहे तसा,
पण नाव घातलं बायकोचं.
दर ऑक्टोबरात बाई व्याज काढून
त्याला पाकिटात देतात, वर एक गोड पाव.

मी चष्मा पुसला.
मग हे तुमचं नाहीच.
एका ओळीत आत घ्यायचं, खालच्या ओळीत बाहेर काढायचं,
दुसऱ्याच्या वतीने मिळालं म्हणून.
त्याला एक कागद द्यायचा. भरेल तो त्याचा कर.

"माझं किती वाचेल?"
सव्वा डॉलर. फार तर दीड.

बाई हसल्या नाहीत, मला वाटलं होतं हसतील.
म्हणाल्या, "रात्रपाळी करून येतो तो.
बर्फ पडला असला की झोपायच्या आधी फावडं घेतो.
तिन्ही मजल्यांच्या पायऱ्या, फुटपाथ,
माझी कचऱ्याची पिंपंसुद्धा.
सांगितलं कुणी नाही.
एकदा वीस डॉलर द्यायला गेले
तर तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.
ते कुठल्या ओळीत लिहू?"

मी पानं उलटली. उगाच.
तशी ओळ नाही, मला माहीत होतं.
आणि असती, तर त्यावरही कर बसला असता,
पण हे मी बोललो नाही.

निर्व्याज म्हणतात अशा गोष्टीला.
व्याज नाही तिच्यात, आणि बहाणाही नाही.
छत्तीस वर्षं व्याज मोजणाऱ्या मी
त्या शब्दाच्या दोन्ही खिशांत हात घालून पाहिला.

"या जानेवारीत पडला," बाई म्हणाल्या.
"खुबा गेला. आता वर बसून असतो,
खिडकीतून बघतो
मी नीट काढते की नाही."

तेव्हा ते बुटांवरचं मीठ मला दिसलं.
रस्त्याचं नव्हतं ते.

"माझ्याच नावावर लिहा सगळं,
त्याला कागद पाठवू नका."
नियमाने मी दोनदा समजावलं.
तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं.
ओळीत लिहिलं: ११.

"आणि वरचे त्रेचाळीस?"
पन्नासच्या आतले सेंट सोडून देतात.
"कोण?"
सरकार, बाई.

त्यांनी डब्यातून पाकीट काढलं,
वर कच्च्या अक्षरात वुथी.
अकराच्या नोटा होत्या आत.
मग पर्स उलटी केली टेबलावर
आणि बोटाने एकेक नाणं बाजूला सरकवलं:
पंचवीस. दहा. पाच.
एक, एक,
शेवटचा सेंट अस्तरात अडकला होता.
मागच्या माणसाने खुर्ची ओढली, घड्याळ बघितलं.
आम्ही दोघं तो सेंट शोधत राहिलो.